चेसिस वाकली, पण कुठे?

शेलूबाजार हे मंगरूळपीर तालुक्यातलं रस्त्यावरचं गाव. नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता गावातून जातो. समृद्धी महामार्गावर चढायची जागाही जवळच आहे, पण त्या महामार्गावर दुचाकीला बंदी. त्यामुळे इथली जुनी फटफटी धावते ती जुन्या रस्त्यावर नाहीतर पांदण रस्त्यावर, मागे सोयाबीनचं पोतं किंवा फवारणीचा पंप बांधून. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, म्हणून नव्वदच्या दशकातल्या राजदूत, बुलेट किंवा आरएक्स १०० च्या पाटीवर इथे एमएच ३७ ऐवजी एमएच ३० दिसतं. अशा गाड्या गोठ्यातून बाहेर काढून पुन्हा उभ्या करायची हौस हल्ली वाढली आहे. इंजिनावर, क्रोमवर, रंगावर सगळे भरभरून बोलतात; चेसिस वाकडी निघाली की मात्र गप्प होतात. तो विषय इथे दोन आवाजांत मांडला आहे. एक मिस्त्री, ज्याचा रोजचा धंदा ट्रॉल्या, पेरणीयंत्रं आणि लोखंडी गेट यांचा. दुसरे मास्तर, जे राजदूत १७५ उभी करायला निघालेत. दोघंही कल्पनेतले आहेत, मतं मात्र कुठल्याही चौफुलीवर ऐकू येतील अशी आहेत. माझा कल मास्तरांकडे आहे. तरी मिस्त्रीने अडवलं नाही तर मास्तर पुस्तकी बोलत सुटतात, म्हणून दोघांनाही बोलू द्यायला हवं.

मिस्त्री: मास्तर, हे सुतळी, गुण्या घेऊन काहून बसले तुमी? गाडी वाकडी हाये हे मले पाह्यल्याबरोबर समजलं. पुढच्या नळीले, मानेच्या चार बोटं खाली, गचका हाये. कधीतरी बांधाले नाई तं बैलगाडीले ठोकली असन. गॅसनं लाल करतो, पाइप घालून ओढतो, वरून पट्टी मारतो. दोन घंट्याचं काम. अशा किती गाड्या या रस्त्यानं चालून रायल्या, इचारा कोनालेबी. चेसिस म्हंजे लोखंडच ना? लोखंड वाकते तं सरळबी होते. पैसा लावाचा तं क्रँकले लावा, पिस्टनले लावा.

मास्तर: गचका नळीला दिसतोय, पण सरकली आहे ती मान. हँडलची टी ज्या जाड नळीत फिरते ती मान. पुढच्या चाकाला ठोकर बसली की शॉकअपच्या दांड्या तरफेसारखं काम करतात, मानेचं खालचं तोंड मागे ढकललं जातं आणि मान होती त्याहून उभी होते. नळी तिच्या खालीच सुरकुतते, कारण वाकवणारा जोर तिथेच सगळ्यात जास्त येतो. आता या उभ्या झालेल्या मानेचा हिशेब बघा. मानेच्या मधून एक रेघ जमिनीपर्यंत ओढली तर ती चाक जिथे टेकतं त्याच्या पुढे पडते. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल, आणि चालत्या गाडीचं हँडल आपोआप सरळ राहतं ते बऱ्याच अंशी त्याच्या जोरावर. चाकाची त्रिज्या ३०० मिमी, मानेचा तिरकेपणा २७ अंश आणि टीचा ऑफसेट, म्हणजे दांड्या मानेच्या रेघेपुढे जितक्या आहेत ते अंतर, ५० मिमी धरा. ट्रेल सुमारे ९७ मिमी येतो. तिरकेपणा नुसता २ अंशांनी कमी होऊ द्या, तो ८५ वर येतो. आठवा हिस्सा गेला. डोळ्याला २ अंश दिसत नाहीत, पण खड्ड्यातून निघताना हँडल थरथरतं ते याच्यामुळे. त्यात ब्रेक मारला की पुढचे शॉकअप दबतात आणि मान आणखी उभी होते. म्हणजे ज्या क्षणी गाडी सगळ्यात जास्त सरळ राहायला हवी, त्याच क्षणी ती सगळ्यात जास्त डोलणार.

मिस्त्री: पन चालली ना इतकी वर्सं? ज्याची गाडी होती त्यानं पोतीच्या पोती वाहली तिच्यावर. हाताले सवय होऊन जाते. आन कंपनीतून येते ते चेसिसबी काही सोन्याच्या काट्यावर मोजून येत नाई.

मिस्त्रीच्या या बोलण्यातला अर्धा भाग खरा आहे आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गाडी वर्षानुवर्षं चालली ती ३०–४० च्या वेगाने, गुळगुळीत झालेल्या टायरवर, दमलेल्या इंजिनावर आणि त्या वाकडेपणाची सवय झालेल्या एकाच माणसाच्या हाताखाली. जीर्णोद्धारानंतर यातलं काहीच तसं राहत नाही. इंजिनाला पुन्हा दम येतो, टायर रस्ता धरतो, ब्रेक लागतात, आणि गाडीवर बहुधा पुण्याहून सुटीला आलेला भाचा बसतो. गाडी चालत होती हा पुरावा जुन्या परिस्थितीपुरता आहे. कारखान्याच्या अचूकतेबद्दलही मिस्त्री चूक नाही. दोन-तीन मिलिमीटरच्या फरकासाठी चेसिस तापवायला घेणं हा शहाणपणा नव्हे. म्हणून तर मोजायचं. काय सोडून द्यायचं तेही मोजल्याशिवाय कळत नाही. आणि मोजायला लागणाऱ्या वस्तू प्रत्येक गवंड्याकडे असतात. गाडी डबल स्टँडवर, मागच्या टायरला मागून सुतळीचा वेढा, दोन्ही टोकं पुढे ताणून अशी धरायची की सुतळी मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुसती टेकेल. पुढचं चाक या दोन सुतळ्यांच्या बरोबर मधोमध आलं पाहिजे. त्याआधी मागचं चाक सरळ बसलंय का ते बघायचं, आणि तिथे चेन ताणायच्या खुणांवर विसंबायचं नाही. मागचं चाक धरणारा चिमटा चेसिसला ज्या बोल्टने जोडलेला असतो त्याच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंना पट्टी लावायची. चाक एका अंगाला पडलेलं दिसलं तरी लगेच चेसिसला दोष देऊ नये. पुष्कळदा टीमध्ये दांड्या पिळलेल्या असतात. दोन दांड्यांवर जाड काचेचा तुकडा आडवा ठेवला आणि तो डुगडुगला तर त्या एका पातळीत नाहीत. टीचे बोल्ट सैल करून दांड्या सारख्या केल्या की कधी कधी सगळा वाकडेपणा तिथेच संपतो. दांडी काढून सपाट काचेवर लोटली आणि ती एकसारखी न घरंगळता उसळ्या घेऊ लागली तर दांडीच वाकलेली आहे. या सगळ्या शंका फिटल्या आणि तरीही सुतळी जुळेना, तेव्हा चेसिसकडे वळावं. मोजण्याचे दोन तास वाचवायला गेल्यामुळे चांगल्या चेसिसवर गॅस फिरवल्याची उदाहरणं गॅरेजवाल्यांना विचारली तर ते हसत हसत सांगतील, अर्थात दुसऱ्याच्या गॅरेजातली.

मास्तर: मी तुम्हाला वेल्डिंग करू नका असं म्हणतच नाही, मिस्त्री. नुकसान किती मोठं दिसतं त्यावर काही ठरवू नका, कुठे झालंय ते आधी बघा, एवढंच म्हणणं. मागच्या शॉकअपच्या वरच्या बोल्टच्या पाठीमागचा भाग घ्या: सीटची नळी, मडगार्डची पट्टी, कॅरिअर. पोत्यांनी आणि दुधाच्या कॅनांनी तो भाग खाली बसलेला असतो, बघायला भयंकर दिसतो, पण त्याचं काम माणूस आणि ओझं पेलायचं. तो वाकला म्हणून चाकांची रेघ बिघडत नाही. तिथे तुमचा हात चालू द्या. ओढा, जोडा, पट्टी मारा. मान ते चिमट्याचा बोल्ट हा मधला भाग मात्र दोन्ही चाकांना एका रेघेत धरतो. तिथे गचका बोटभर असला तरी तो मोठा. नळी नुसती हलकी वाकली असेल आणि तिची गोलाई शाबूत असेल तर गरम न करता, हळूहळू, मोजत मोजत परत आणता येते. सुरकुतून चपटी झाली असेल तर ती सरळ करायचीच नाही, कापून नवी घालायची, आणि तीही मान नि चिमटा पक्के जखडून. राहिली खुद्द मान. टी जिच्यावर फिरते त्या बेअरिंगच्या, म्हणजे कोनसेटच्या, वाट्या जिथे बसतात ती भोकं लंबगोल झाली असतील, किंवा मानेच्या जोडाला तडा गेला असेल, तर तिथे हात लावू नका, एवढं माझं ऐका. जुन्या बुलेटमध्ये तर आणखी एक भानगड आहे. पुढची नळी इंजिनाच्या पुढ्यात येऊन संपते आणि तिथून मागे इंजिनच चेसिसचं काम करतं. म्हणून त्या गाडीत इंजिनाचे बोल्ट हाताने बसतात का हीच पहिली परीक्षा. पहार घालून भोकं जुळवावी लागली तर इंजिन वाकड्या चेसिसला जबरदस्तीने सरळ धरून बसणार, आणि तो ताण कधीतरी इंजिनाच्या केसिंगवर निघणार.

मिस्त्री: तुमी मले वेल्डिंग शिकवून रायले. माहा टाका नळीपेक्षा मजबूत असते, हे लिहून घ्या. नळी तुटन, टाका नाई तुटनार.

मास्तर: लिहून घेतलं, आणि अडचण नेमकी तीच आहे. तुमच्याकडे ट्रॉलीचा दांडा तुटून येतो तेव्हा तो कुठून तुटलेला असतो? भर टाक्यातून क्वचित, बहुतेक वेळा टाक्याच्या कडेला. धातू तापून थंड झाला की त्या पट्ट्यातली त्याची घडण बदलते, टाका आक्रसताना शेजारच्या लोखंडाला कायमचा ओढून ठेवतो, आणि टाक्याची कड स्वतःच एक खाच बनते. थरथर सुरू झाली की तडा त्या खाचेतून निघतो. पट्टीचं असंच. पट्टीखाली नळी दुप्पट जाड झाली आणि पट्टी संपली तिथे एकदम पातळ. सगळा ताण त्या रेघेवर येऊन बसतो, म्हणून पट्टी मारलेली चेसिस दुसऱ्यांदा तुटते ती पट्टीच्या टोकाला. मारायचीच असेल तर तिची टोकं निमुळती करा, टाका नळीच्या लांबीने घाला, आडवा गोल फिरवू नका. आणि गॅसने लाल करण्याबद्दल म्हणाल, तर कारखान्यात थंड अवस्थेत ओढून काढलेल्या नळीत जी कणखरता आलेली असते ती लाल केल्यावर जाते. सरळ दिसणारी पण मऊ पडलेली नळी मानेच्या खालीच ठेवायची, म्हणजे पुढच्या ठोकरीला काय होणार हे आजच ठरवून ठेवण्यासारखं. त्यापेक्षा वाकडा तुकडा कापा. त्याच व्यासाची, त्याच जाडीची नळी आणा. प्लंबरचा पाइप चालणार नाही. दोन्ही सांध्यांत आतून घट्ट बसणारा पाइपचा तुकडा घाला, काप सरळ न घेता तिरपा घ्या, बाहेरच्या नळीला भोकं पाडून आतल्या तुकड्यालाही टाके द्या. दोन-अडीच मिमीच्या भिंतीवर जाड रॉड चालवला तर भोक पडतं, म्हणून सीओटू किंवा आर्गन. आणि एका बाजूने सलग ओढत जाऊ नका. समोरासमोर थोडे थोडे टाके, मध्ये थंड होऊ देत, नाहीतर टाका आक्रसताना मानच एका अंगाला ओढून घेईल.

गंजाचा मुद्दा दोघांच्याही बोलण्यात अजून आला नाही, आणि वऱ्हाडातल्या गाड्यांच्या बाबतीत ठोकरीपेक्षा तोच जास्त वेळा चेसिस खातो. बॅटरीतून सांडलेलं आम्ल तिच्या खालच्या पत्र्यावरून नळीवर उतरतं. खालच्या नळ्यांना चिकटलेली काळी माती वाळते, पण तिच्या आतल्या थरात ओल टिकून राहते. त्यात खताची पोती. पोटॅश म्हणजे रसायनाच्या भाषेत पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच भाऊबंद, आणि सीटच्या मागे झिरपलेलं खत लोखंडाला समुद्रकाठच्या हवेसारखं लागतं. नळी आतून कुजते तेव्हा बाहेरचा रंग कित्येकदा शाबूत असतो. हातोडीने हलकेच वाजवत गेलं की चांगल्या नळीचा खणखणीत आवाज कुजलेल्या जागी बद्द होतो. तिथे टोच्या दाबला आणि तो आत गेला तर निकाल लागला. तडे शोधायला रंगाचे स्प्रे मिळतात: लाल द्रव लावायचा, पुसायचा, पांढरी पावडर मारायची, तड्यातून लाल रेघ वर येते. जुन्या लोकांची रॉकेल आणि खडूची युक्ती याच तत्त्वावर चालते आणि रॉकेल मिळेनासं झाल्यावर डिझेलवर भागतं. एक सावधगिरी मात्र रंगाच्या कारखान्यात कोणी सांगत नाही. वाळूचा मारा करून चेसिस पांढरी शुभ्र केली की बारीक तड्यांची तोंडं ठोकली जाऊन मिटतात. म्हणून मानेच्या आणि जोडांच्या आसपासचा रंग आधी रिमूव्हरने काढायचा, तडे बघायचे, मोजायचं, दुरुस्ती करायची, आणि मगच चेसिस माऱ्याला आणि पावडर कोटिंगला द्यायची. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो. आधी चकचकीत कोटिंग होतं, मग इंजिन बसत नाही म्हणून ग्राइंडर लागतो.

मिस्त्री: बरं, एवढी झंझट काहून? अकोल्याच्या भंगारात राजदूतची चेसिस किलोच्या भावानं मिळते. आना, बदला. कागद तुमच्या गाडीचे, चेसिस त्याची.

मास्तर: आणि नंबर कोणाचा? चेसिस क्रमांक बहुतेक गाड्यांत मानेवर किंवा तिच्या लगत ठोकलेला असतो आणि आरसी बुकात गाडीची ओळख म्हणजे तो क्रमांक. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने परस्पर करायचा नाही. भंगारातली चेसिस घातली की गाडी तीच राहत नाही. ती चोरीची निघाली तर आणखी वेगळं प्रकरण. जुना क्रमांक घासून माझा ठोकून देतो असं पुढचं वाक्य तुमच्या तोंडावर आलंय, ते गिळा. तो सरळ गुन्हा आहे. दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. तिथे इन्स्पेक्टर पेन्सिलने क्रमांकाचा छाप घेतो तेव्हा काय दाखवणार? चेसिस बदलायचीच वेळ आली तर आधी आरटीओत अर्ज, खरेदीची पावती, परवानगी, मग गॅस कटर.

इथे हौशी लोकांनीही कान टवकारावेत. २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवी आणि मूळ रूपात राखलेली हवी. तिच्यात मोठी फेरफार झालेली नसावी, आणि या फेरफारीच्या व्याख्येत चेसिसचं नाव आहे. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल एम ११ वरून साठच्या दशकात राजदूत बनवायला घेतली, म्हणजे तिच्या पहिल्या पिढ्या आज या वयात बसतात. रंग कितीही मूळचा असो, चेसिसमध्ये ढवळाढवळ केली तर त्या दारातून आत जाणं अवघड होतं. ब्रिटनच्या नोंदणी खात्याने फेरफार केलेल्या गाड्यांसाठी वर्षानुवर्षं जी गुणपद्धत वापरली तीही याच दिशेची: जुनी ओळख टिकवायला किमान ८ गुण हवेत, त्यांत बदल न केलेल्या चेसिसला ५ आणि इंजिनाला फक्त १. आपल्याकडे खर्चाची वाटणी नेमकी उलटी होते. मास्तरांना मात्र एक टोकायला हवं. मूळ चेसिस काही झालं तरी राखायची या हट्टातूनच पट्ट्यांवर पट्ट्या मारलेल्या, तडकलेल्या मानेच्या गाड्या रस्त्यावर येतात. मान गेली असेल तर ती गाडी दालनात ठेवून तिच्यावर प्रेम करता येतं, तिच्यावर दोघांनी बसून कारंज्याला जायची गरज नाही. कागद आणि इतिहास राखायचा मोह सुरक्षिततेच्या वर ठेवणारा हौशी आणि वरून पट्टी मारणारा मिस्त्री, दोघंही माझ्या हिशेबी एकाच बाकावर बसतात.

मिस्त्री: मंग तुमची ती चेसिस जखडाची मशीन पुण्या-मुंबईले. नेनं-आननं, वर त्यांची मजुरी. राजदूतची किंमत नाई तेवढी. गरीब मानसानं काय कराव?

मास्तर: तुम्ही ट्रॉली बांधताना काय करता? आधी चॅनेलचा चौक आखता, दोन्ही कर्ण मोजता, ते सारखे आल्याशिवाय पक्का टाका घालत नाही. तीच मशीन. दोन सरळ चॅनेल जमिनीवर पाणसळ लावून पक्के करा. एक पॉलिश केलेला सरळ रॉड मानेतून, त्याला दोन्ही तोंडांना लेथवर काढलेले शंकू, म्हणजे तो बरोबर मधोमध बसतो. दुसरा रॉड चिमट्याच्या बोल्टच्या भोकातून. मानेतल्या रॉडच्या वरच्या टोकापासून आडव्या रॉडच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर सारखं, खालच्या टोकापासूनही सारखं, तर मान पिळलेली नाही. तुमचेच कर्ण आहेत ते. मानेचा तिरकेपणा काढायला कोनमापक लावा, आणि जुळवायला त्याच मॉडेलची एखादी न ठोकलेली गाडी शोधून तिची मापं घ्या. राजदूत या भागात अजून सापडते. दोन्ही रॉड चॅनेलला जखडून मगच कापाकापी. शंकूंचा लेथचा खर्च माझा. ट्रॉली जो कर्ण जुळवून बांधतो त्याला दुचाकीची चेसिस अवघड नाही.

मिस्त्री: चॅनेल पडले हायेत मागं, ते मी लावतो. पन दोन गोष्टी आत्ताच सांगून ठेवतो. हलकं वाकलं असन तिथं मी थोडा गॅस दाखवनार, लाल नाई करनार, पन थंड ओढताना नळी टनकन वापस येते हे तुमच्या पुस्तकात नसन. आन दोन घंट्याचं काम तुमी तीन दिवसाचं केलं, तं मजुरी तीन दिवसाची लागन. तिथं कर्ण मोजू नका.